रात्री चालतो, सकाळी नऊनंतर अडतो: बेसिकमधल्या व्हेरिएबलच्या टाइपचा घोळ

टायपिंगचा वेग मोजणारा एक छोटा प्रोग्राम मी क्यूबेसिकमध्ये, म्हणजे बेसिक या प्रोग्रामिंग भाषेच्या डॉसवरच्या अवतारात, लिहिला होता. रात्री एकला बसलो, अडीचला उठलो, तोवर दहा वेळा तरी चालवून पाहिला. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मित्राला दाखवायला घेतला तर पहिल्याच फटक्यात ‘ओव्हरफ्लो’, म्हणजे संख्या तिच्या जागेत मावत नाही अशी तक्रार. कोडला हातही लावलेला नव्हता. संध्याकाळी पुन्हा तेच. रात्री झोप येईना म्हणून दीडला चालवला, तर मुकाट चालला! तीन दिवस हा खेळ झाला. मेमरी, फ्लॉपी, दिवसा तापणारं मशीन, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. चोर सापडला तो या दोन ओळींत:

डिफिंट ए-झेड
सुरुवात = टायमर

(कोड इथे वाचण्यापुरता देवनागरीत लिहिला आहे. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.)

टायमर हे फंक्शन मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले ते सांगतं. दिवसाचे ८६,४०० सेकंद. ‘सुरुवात’ हे व्हेरिएबल, म्हणजे किंमत ठेवायची नाव दिलेली जागा, आणि तिथे काय आणि किती मावेल ते ठरतं तिच्या टाइपवरून. इंटिजर हा पूर्णांकांचा टाइप. क्यूबेसिकमध्ये तो १६ बिटांचा, म्हणजे −३२,७६८ ते ३२,७६७ एवढाच मावतो. आता ३२,७६७ सेकंद म्हणजे किती, तर ९ तास ६ मिनिटं ७ सेकंद. मध्यरात्रीपासून सकाळी ९ वाजून ६ मिनिटांपर्यंत प्रोग्राम बिनतक्रार चालणार, पुढे दिवसभर ओव्हरफ्लो. आणि ‘सुरुवात’ला इंटिजर केलं कुणी? मी नाही. दुसऱ्या एका प्रोग्राममधून पहिल्या चार ओळी उचलल्या होत्या, त्यात ती डिफिंटची ओळ आली होती: ए ते झेड कोणत्याही अक्षराने सुरू होणारं व्हेरिएबल इंटिजर धर, असं ती सांगते.

हा प्रकार इतक्या वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा समोर येतो की आता मी एरर मेसेज नंतर बघतो. आधी एकच विचारतो: या व्हेरिएबलचा टाइप ठरवला कुणी? उत्तर ‘मी’ असं नसेल तर बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो.

टाइप कोण ठरवतं

बेसिक मुळात या प्रश्नातून सुटका करण्यासाठीच जन्मलेली भाषा. १९६४ साली डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ यांनी ती केली, तेव्हा समोर गणिताचे नव्हे तर इतर शाखांचे विद्यार्थी होते. पूर्णांक वेगळा, अपूर्णांक वेगळा ही कटकट त्यांना नको, म्हणून संख्या एकाच प्रकारची ठेवली. नावही एक अक्षर, किंवा एक अक्षर आणि एक अंक, बस. डिक्लेअर करायचा प्रश्नच नव्हता. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बेसिकांमध्ये टाइप वाढत गेले, पण ‘न सांगता चालतं’ ही सवय मात्र तशीच राहिली. दुखणं इथलं आहे.

क्यूबेसिक (१९९१ साली एमएस-डॉस ५.० बरोबर आलेलं) घेतलं तर टाइप ठरायचे चार रस्ते आहेत. नावाच्या शेवटी खूण असेल तर ती: % म्हणजे इंटिजर, & म्हणजे लाँग (मोठा पूर्णांक), ! म्हणजे सिंगल (दशांश), # म्हणजे डबल (जास्त अंकांचा दशांश), $ म्हणजे स्ट्रिंग (अक्षरं). किंवा डिमच्या, म्हणजे व्हेरिएबल आधी जाहीर करायच्या, ओळीत ‘अ‍ॅज’ लावून सांगितलेला टाइप. यापैकी काहीच नसेल तर वर कुठे डिफिंट, डिफलाँग, डिफडबल अशी ओळ आहे का ते बघितलं जातं आणि नावाच्या पहिल्या अक्षरावरून टाइप लागतो. तेही नसेल तर सिंगल. म्हणजे तुम्ही निव्वळ ‘मोजणी = १’ लिहिलंत तर तो पूर्णांक नाही, दशांश मावणारा सिंगल आहे. कित्येकांना हे वर्षानुवर्षं माहीत नसतं, कारण १ छापला की १च दिसतो.

संशय आला की अंदाज बांधत बसू नका, मोजा. क्यूबेसिकमध्ये लेन हे फंक्शन स्ट्रिंगची लांबी देतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याला संख्येचं व्हेरिएबल दिलं तर ते किती बाइट अडवतं तेही ते सांगतं. २ आले तर इंटिजर, ४ आले तर सिंगल किंवा लाँग, ८ आले तर डबल. विंडोजवरच्या व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये त्यासाठी टाइपनेम आहे, तो सरळ नावच छापतो.

एका डिममध्ये दोन नावं

आता हे चालवून बघा:

डिम रुंदी, उंची अ‍ॅज इंटिजर
प्रिंट लेन(रुंदी), लेन(उंची)

पडद्यावर येतं: ४ २.

दोन्ही २ येतील अशी माझी पैज होती, हरलो. ‘अ‍ॅज इंटिजर’ फक्त शेवटच्या नावाला चिकटतं. ‘रुंदी’ला कुणी वाली नाही, म्हणून ती सिंगल झाली. मराठीत ‘रमा आणि उमा हुशार आहेत’ म्हटलं की दोघी हुशार ठरतात, म्हणून आपण हे वाक्य तसंच वाचतो. क्यूबेसिक तसं वाचत नाही. व्हिज्युअल बेसिक ६ मध्येही हेच, फक्त तिथे बेवारस नाव सिंगल न होता व्हेरियंट होतं.

व्हेरियंटचा त्रास लगेच दिसत नाही. तो काहीही पोटात घालतो, त्यामुळे प्रोग्राम चालतो. मग एक दिवस तुम्ही ‘रुंदी’ एखाद्या सबला (नावाने बोलावता येणाऱ्या प्रोग्रामच्या तुकड्याला) पाठवता, ज्याने आपला पॅरामीटर (बाहेरून येणारी किंमत) इंटिजर म्हणून मागितलाय, आणि कंपायलर म्हणतो ‘बायरेफ आर्ग्युमेंट टाइप मिसमॅच’. माणूस सबमध्ये चूक शोधत राहतो, कारण निळी पट्टी कॉलच्या ओळीवर असते. चूक असते शंभर ओळी वर, डिममध्ये. काहीजण ‘रुंदी’भोवती जादा कंस घालून गप्प करतात. कंस घातला की व्हेरिएबलऐवजी त्याची किंमत जाते, म्हणून तक्रार थांबते, पण सबने आत केलेला बदल बाहेर येत नाही आणि मग तो वेगळाच शोध सुरू होतो. कंस नको. प्रत्येक नावापुढे आपापला ‘अ‍ॅज’ लिहा:

डिम रुंदी अ‍ॅज इंटिजर, उंची अ‍ॅज इंटिजर

क्यूबेसिकमध्ये हाच प्रसंग ‘पॅरामीटर टाइप मिसमॅच’ या नावाने येतो. व्हिज्युअल बेसिकच्या पुढच्या अवतारात, व्हीबी डॉट नेटमध्ये, मात्र नियम बदलला, तिथे पहिल्या पद्धतीने लिहिलं तरी दोन्ही इंटिजर होतात. म्हणूनच ‘माझ्याकडे तर चालतं’ असं सांगणारा आणि ‘माझ्याकडे नाही चालत’ म्हणणारा, दोघेही खरे असू शकतात. आधी कोणतं बेसिक ते विचारा.

डावीकडे लाँग आहे, तरी ओव्हरफ्लो

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय. बाई-बुवा शपथेवर सांगतात की उत्तर ठेवायला लाँग घेतलाय, त्यात दोन अब्जांच्या वर मावतं, आणि संख्या तर नव्वद हजार आहे!

डिम क्षेत्रफळ अ‍ॅज लाँग
रुंदी% = ३००
उंची% = ३००
क्षेत्रफळ = रुंदी% * उंची%

शेवटच्या ओळीवर ओव्हरफ्लो. कारण गुणाकार उजवीकडे होतो आणि तिथे दोन्ही इंटिजर आहेत, म्हणून उत्तरही इंटिजरच्या वाडग्यात घ्यायचा प्रयत्न होतो. ९०,००० त्यात मावत नाहीत. डावीकडे मोठा पिंप ठेवलाय याचा गुणाकाराला पत्ताच नसतो, तिथवर गोष्ट पोचतच नाही. एका बाजूला लाँग करा, पुरे:

क्षेत्रफळ = सीएलएनजी(रुंदी%) * उंची%

सीएलएनजी आधी संख्येला लाँग करतं, मग गुणाकार लाँगमध्ये होतो. सगळा गुणाकार कंसात घालून त्याच्याभोवती सीएलएनजी लावलं तर मात्र उपयोग नाही. वाडगं तोवर सांडलेलं असतं. व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये तर व्हेरिएबलही लागत नाही, नुसतं २०० * २०० लिहिलं तरी ओव्हरफ्लो, कारण लहान पूर्णांक लिहिला की तो इंटिजर धरला जातो. तिथे २००& असं लिहायचं. दिवसांचे सेकंद काढताना २४ * ६० * ६० लिहिणारे सगळे इथे एकदा तरी आपटतात.

फंक्शनचाही टाइप असतो

हे विसरलं जातं. सरासरी काढणारं फंक्शन आत सगळं डबलमध्ये करतं, आत प्रिंट टाकून बघितलं तर ७२.६ दिसतात, बाहेर येतात ७३. आकडेमोड बरोबर, उत्तर चूक. वर डिफिंट असेल तर ‘सरासरी’ हे फंक्शनचं नावच इंटिजर झालेलं असतं आणि दाराबाहेर पडताना दशांश कापला जातो. क्यूबेसिकमध्ये फंक्शनच्या नावापुढे ‘अ‍ॅज’ लावता येत नाही, म्हणून खूणच लावायची: सरासरी#. आणि लक्षात असू द्या, क्यूबेसिकचा एडिटर नवीन सब किंवा फंक्शन उघडताना मुख्य भागातली डिफिंटची ओळ आपणहून वर चिकटवतो. तुम्ही लिहिली नाही म्हणून ती नाही असं नाही.

कापला जातो म्हटलं, पण खरं तर तो जवळच्या पूर्णांकाला जातो. ७.८ चे ८ होतात, ७ नाही. बरोबर अर्धा आला तर व्हिज्युअल बेसिक सम संख्येकडे झुकतं: २.५ चे २, आणि ३.५ चे ४. शाळेत शिकलेल्या पद्धतीने २.५ चे ३ व्हायला हवेत म्हणून ‘बग सापडला’ असं समजू नका. दशांश निव्वळ टाकून द्यायचा असेल तर त्याला फिक्स हे फंक्शन आहे.

नाव चुकलं तर नवीन नाव जन्मतं

एकूण = एकूण + किंमत लिहायच्या जागी कुठेतरी ‘एकुण’ लिहिलं गेलं. आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घाचे वाद होतात, बेसिकमध्ये मात्र वाद होत नाही, गुपचूप एक नवीन व्हेरिएबल तयार होतं आणि त्याची किंमत शून्य असते. ना एरर, ना इशारा. उत्तर शून्य किंवा अर्धवट येत असेल आणि आकडेमोड डोळ्यांना बरोबर दिसत असेल, तर आधी स्पेलिंग बघा.

व्हिज्युअल बेसिकमध्ये याला पक्का उपाय आहे, मॉड्यूलच्या अगदी वर ‘ऑप्शन एक्स्प्लिसिट’. मग न सांगितलेलं प्रत्येक नाव कंपायलर अडवतो. व्हीबी डॉट नेटमध्ये ते मुळातच चालू असतं, क्यूबेसिकच्या नव्या अवतारात, क्यूबी६४ मध्ये, ‘एक्स्प्लिसिट’च्या आधी अंडरस्कोर घालून लिहायचं. जुन्या क्यूबेसिकमध्ये ही सोयच नाही. तिथे मी एक चोरवाट वापरतो. सगळी कामाची व्हेरिएबलं ‘अ‍ॅज’ लावून किंवा खूण लावून नीट सांगितली की वर तात्पुरती ही ओळ टाकतो:

डिफस्ट्र ए-झेड

आता ज्याला टाइप दिलेला नाही ते प्रत्येक नाव स्ट्रिंग ठरतं. चुकीने जन्मलेलं ‘एकुण’ बेरजेत आलं की स्ट्रिंग आणि संख्येची बेरीज होऊ शकत नाही, आणि क्यूबेसिक त्याच ओळीवर ‘टाइप मिसमॅच’ म्हणून बोट ठेवतं. फॉर लूपचा न सांगितलेला काउंटरही असाच पकडला जातो. स्ट्रिंगच्या नावांतल्या चुका यातून निसटतात आणि प्रत्येक सबच्या वरही ही ओळ लागते, पण संख्यांच्या बाबतीत ही युक्ती मला फार उपयोगी पडली आहे.

याच्या उलट तक्रार ‘डुप्लिकेट डेफिनिशन’. क्यूबेसिकमध्ये खुणांनी वेगळी केलेली ए%, ए! आणि ए$ ही तीन स्वतंत्र व्हेरिएबलं असतात, एकमेकांना धक्का न लावता नांदतात. पण एकदा का ‘डिम ए अ‍ॅज इंटिजर’ म्हटलं, की ए हे नाव त्याचंच. मग ए$ लिहिलं की भांडण. दोन्ही पद्धती एकाच प्रोग्राममध्ये मिसळू नका, एवढंच. (त्याहून जुन्या मशीनवर असाल तर आणखी गंमत: कमोडोर ६४ चं बेसिक नावाची पहिली दोनच अक्षरं बघतं. ‘सुरुवात’ आणि ‘सुट्टी’ इंग्रजी अक्षरांत लिहिलीत तर दोन्ही एस-यू, म्हणजे त्याच्या लेखी एकच व्हेरिएबल.)

सबच्या आत शून्य दिसतो ते मात्र टाइपचं दुखणं नाही. मुख्य भागातलं व्हेरिएबल क्यूबेसिकच्या सबमध्ये दिसतच नाही. त्याच नावाचं दुसरं, कोरं व्हेरिएबल तिथे तयार होतं. पॅरामीटरने पाठवा, किंवा डिमच्या पुढे शेअर्ड लावा.

सिंगलचे सात अंक

ओव्हरफ्लोला कंटाळून काहीजण सगळंच सिंगल ठेवतात. सिंगलमध्ये प्रचंड मोठी संख्या मावते हे खरं, पण नीट लक्षात राहतात ते साधारण सात अंक. हे बघा:

एस! = १६७७७२१६
एस! = एस! + १
प्रिंट एस!

येतं १.६७७७२२ई+०७, आणि आत मिळवलेला १ हरवलेला असतो. १,६७,७७,२१६ म्हणजे २ चा २४ वा घात. सिंगलकडे अंकांसाठी २४ बिटं आहेत, त्यापुढे एकेक मिळवलात तरी काटा हलत नाही. मोजणी अडकून बसली, पण एरर नाही, अशी तक्रार असेल तर हे तपासा. मोजणीला लाँग घ्या. दशांशाचं नाजूक काम असेल तर डबल, पण सिंगलमधली किंमत डबलमध्ये ओतून अचूकता वाढत नाही. सिंगलमध्ये ०.१ ठेवा, तो डबलला द्या आणि छापा: ०.१०००००००१४९ असं काहीतरी शेपूट दिसेल. ते शेपूट आधीपासूनच होतं, डबलने फक्त दाखवलं.

बाकी किरकोळ. इनपुटवर नाव टाइप केलं आणि ‘रीडू फ्रॉम स्टार्ट’ आलं, तर व्हेरिएबलला $ लावायचं राहिलंय. ‘सबस्क्रिप्ट आउट ऑफ रेंज’ आलं, तर अ‍ॅरे (एकाच नावाच्या, क्रमांक दिलेल्या जागांची रांग) बहुधा डिम केलेला नाही: न सांगता वापरलेल्या अ‍ॅरेला ० ते १० एवढ्याच जागा मिळतात, अकरावर गेलात की संपलं. स्ट्रिंग * १० अशी ठरावीक लांबीची स्ट्रिंग घेतलीत तर उरलेल्या जागी स्पेस भरल्या जातात, म्हणून दिसायला सारखी दोन नावं तुलना करताना जुळत नाहीत. आधी आरट्रिम$ लावा.

जुना कोड नव्या घरात

क्यूबेसिक आणि व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये इंटिजर २ बाइटांचा, लाँग ४ बाइटांचा. व्हीबी डॉट नेटमध्ये इंटिजर ४, लाँग ८. फ्रीबेसिकमध्ये इंटिजर ३२ बिटांचा की ६४, हे कोणत्या प्लॅटफॉर्मसाठी कंपाइल करताय त्यावर ठरतं. नावं तीच, मापं वेगळी. साध्या आकडेमोडीत हे जाणवतही नाही, उलट काही ओव्हरफ्लो आपोआप नाहीसे होतात. पण जुन्या प्रोग्रामने बायनरी फाइलमध्ये ठेवलेल्या नोंदी नवीन प्रोग्रामने वाचायला घेतल्या की पहिल्या नोंदीपासूनच कचरा दिसू लागतो. प्रत्येक इंटिजरमागे दोन बाइट जास्त उचलले जातात आणि पुढचं सगळं सरकत जातं. व्हीबी डॉट नेटमध्ये अशा ठिकाणी इंटिजरचा शॉर्ट आणि लाँगचा इंटिजर करा. फाइल बिघडलेली नाही, ती पुन्हा तयार करत बसू नका.

आणि तो टायपिंगचा प्रोग्राम? डिफिंटची ओळ काढली, ‘डिम सुरुवात अ‍ॅज सिंगल, शेवट अ‍ॅज सिंगल’ लिहिलं, सकाळ-दुपार-संध्याकाळ चालायला लागला. मग एका रात्री बाराला दोन मिनिटं कमी असताना चाचणी सुरू केली आणि माझा वेग उणे आला. टायमर मध्यरात्री पुन्हा शून्यावर जातो. त्यासाठी अजून एक ओळ लागली:

इफ शेवट < सुरुवात देन शेवट = शेवट + ८६४००